न्हाणीतले भावी संचालक

पणदऱ्यात हिंदुरावांचं तोंड ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड! गेली अकरा वर्षं ते साखर कारखान्याचे 'भावी संचालक' होते, आणि चौकातला प्रत्येक फ्लेक्स तसं सांगायचा. पण फ्लेक्सचा काय भरवसा? वाऱ्यानं फाटतो, उन्हानं नाक पिवळं पडतं. एकदा तर शेजाऱ्यानं त्यांचा फ्लेक्स गोठ्यावर टाकला, तोंड म्हशीकडं करून!

म्हणून नवा बंगला बांधताना त्यांनी जाहीर केलं, "आता आपला फोटो मोझॅकमध्ये! बारक्या बारक्या फरश्यांचा, पोर्चच्या भिंतीवर. शंभर वर्षं हालत न्हाय!"

"शंभर?" त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "म्हंजी मेल्यावरबी हितंच?"

बारामतीच्या दुकानात दोन चित्रं सांगितली. पोर्चला हात जोडलेले हिंदुराव, बाथरूमच्या जमिनीला रंगीत मासे. निघता निघता ते दुकानदाराला म्हणाले, "माझं तोंड जरा मोठंच करा."

माल आला तेव्हा हिंदुराव इंदापूरला लग्नात होते. गेणू मिस्त्रीचा फोन आला.

"मालक, दोन खोकी हायत, एक मोठं, एक बारकं. चित्रावर खाकी कागुद चिकटावलाय, कायबी दिसत न्हाय. कुठलं कुठं लावू?"

मागं डीजे भिंती हलवत होता. "मोठं बाथरूमला! बारकं पोर्चला!" हिंदुराव ओरडले. जमीन मोठी, भिंत लहान, एवढाच त्यांचा विचार. तोंड मोठं करायला आपणच सांगितलंय, हे साफ विसरले!

गेणू म्हणजे कामाला वाघ. त्यानं उतार काढला, मधोमध जाळी बसवली, नंबरवार तुकडे चिकटवले, जाळीपुरता गोल कापला. दुसऱ्या दिवशी कागद भिजवून सोलला आणि दोन पावलं मागं सरकला. खाली साक्षात हिंदुराव! मिशीसकट, हात जोडून. आणि जाळी बरोबर तोंडात!

हिंदुराव परतले तेव्हा पोर्चसमोर एक मोटारसायकल थांबली होती. भिंतीवरचे सात मासे बघून त्या माणसानं विचारलं, "मच्छी थाळी केवढ्याला?"

हिंदुराव तसेच बाथरूममध्ये धावले.

"काढ! आत्ताच्या आत्ता काढ!"

"निघत न्हाय, मालक," गेणू म्हणाला. "शंभर वर्षं टिकंल असा माल तुमीच आणायला लावला. फोडलं तर खालचं वॉटरप्रूफिंगबी जाईल. परवा तर वास्तुशांत हाय!"

वास्तुशांतीला आप्पा येणार होते. कारखान्याच्या पॅनेलचे उमेदवार तेच ठरवायचे. हिंदुरावांनी जमिनीवर प्लॅस्टिकची चटई टाकली आणि दारासमोर खुर्ची टाकून स्वतः पहाऱ्याला बसले. येणाऱ्याला वाटे, काय नम्र माणूस! बाथरूमच्या दारात बसून स्वागत करतोय!

पण गुरुजींनी होमाला बोलावलं आणि नेमकी तेव्हाच आप्पांच्या सदऱ्यावर आमटी सांडली. द्वारकाबाईंनी आदबीनं त्यांना बाथरूम दाखवलं. ओली चटई सरकली.

खाली हात जोडलेले हिंदुराव! मग आप्पा बाहेर आले, चेहरा गंभीर.

"हिंदुराव, सभासदांच्या पायाखाली राहीन म्हणणारे लई बघितले. करून दाखवणारा तूच पहिला!"

मांडव हसून लोळायचा बाकी राहिला! मग बाथरूमपुढं रांग लागली. घरून अंघोळ करून आलेल्यांनाही अचानक पाय धुवावेसे वाटू लागले. संध्याकाळपर्यंत फोटो तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर होता, आणि उमेदवारी सरपंच अनिताताईंना मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव बादली घेऊन अंघोळीला गेले. आपल्याच कपाळावर पाय द्यायचा धीर होईना, म्हणून कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले. साबणाचं पाणी गोल फिरत त्यांच्याच तोंडात शिरू लागलं. सगळा अपमान पुन्हा उसळून आला.

"अगं ए!" ते आतून ओरडले, "गेणूला बोलाव! आजच फोडून टाकतो हे!"

"पाणी जातंय का नीट?" बाहेरून द्वारकाबाईंनी विचारलं.

"जातंय की!"

"तुंबत तर न्हाय?"

"न्हाय."

"मग राहू द्या तसंच. एवढ्या वर्षांत तुमच्या तोंडाचा घराला पहिल्यांदाच उपयोग झालाय!"