मुंजाजीराव आणि अर्धा वैकुंठरथ

मुंजाजीराव बैठकीला येताना स्वतःची खुर्ची घेऊन यायचे. जीपच्या टपावर उलटी बांधलेली, लोखंडी, पाठ कुठं टेकायची तेच कळू नये अशी. आमच्या नगरपरिषदेच्या सभागृहात गादीच्या, गोल फिरणाऱ्या खुर्च्या आहेत. पण मुंजाजीराव पडले पंचायत समितीचे सभापती, म्हणजे शहर सोडून तालुक्यातल्या सगळ्या खेड्यांचे मालक. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, "ताई, नगरपरिषदेच्या खुर्चीत बसलं की मानूस नगरपरिषदेचं बोलाय लागतंय."

मी त्या सभागृहात सभा लिपिक. कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं आणि जे बोलायला नको होतं ते गाळायचं, एवढंच माझं काम. मुंजाजीरावांमुळे त्यातलं दुसरं काम फार वाढलं.

शहर आणि खेडी यांनी मिळून काही सोयी चालवाव्यात, खर्च वाटून घ्यावा, अशी कल्पना वरच्या कुणाला तरी सुचली होती. त्यासाठी संयुक्त समिती नेमली. एका बाजूला नगराध्यक्ष गोविंदशेठ, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, जुने आडत व्यापारी. दुसऱ्या बाजूला मुंजाजीराव, खांद्यावर दस्ती, मिशीला पीळ. मध्ये मुख्याधिकारी साहेब, ज्यांना लवकरात लवकर बदली हवी होती.

मुंजाजीरावांचा आवडता शब्द ‘हद्द’. कुठलाही विषय निघाला की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, "आदी हद्द बोला." एकदा बाजाराला आलेल्या एका शेतकऱ्याला मोंढ्यात कुत्रं चावलं. इंजेक्शनचा खर्च कुणाच्या निधीतून, यावर मुंजाजीरावांनी बाजू मांडली, "कुत्रं तुमचं, पाय आमचा. चावलं कुत्रं, पाय न्हाई चावला. तवा सुई तुमीच द्या." गोविंदशेठ शांतपणे म्हणाले की ते कुत्रं मुळात खेड्यातलंच असून शहरात फक्त जेवायला येतं. त्यावर कुत्र्याचं मूळ गाव शोधायला उपसमिती नेमण्याची सूचना आली. ती मी गाळली. तोवर त्या शेतकऱ्यानं स्वतःच्या खिशातून इंजेक्शनं घेऊन टाकली होती.

पण या दोघांचं खरं युद्ध पेटलं ते वैकुंठरथावरून.

नगरपरिषदेला सरकारकडून एक नवी शववाहिका मिळाली होती. पांढरी, बाजूला निळ्या अक्षरात ‘वैकुंठरथ’ लिहिलेली. खेड्यातली माणसं तालुक्याच्या दवाखान्यात येऊन वारायची, म्हणून ती खेड्यांनाही मिळावी आणि डिझेल-ड्रायव्हरचा निम्मा खर्च पंचायत समितीनं उचलावा, असा प्रस्ताव होता. दिसायला सोपा. पण मुंजाजीरावांनी हात वर केला.

"मानूस खेड्यात ऱ्हातो आन शहरात मरतो. तवा मढं कुनाच्या हद्दीतलं?"

गोविंदशेठ म्हणाले, ज्याचं नाव ज्या मतदार यादीत, तो तिकडचा. मुंजाजीराव म्हणाले, मेल्यावर नाव यादीतून निघतं, मग काय करायचं? गोविंदशेठ म्हणाले, तुमच्याकडं कुठं निघतं, तुमच्याकडं तर माणूस मेल्यावर नेमानं मतदानाला येतो. मुंजाजीरावांनी खुर्ची उचलली आणि सभात्याग केला. लोखंडी खुर्ची दारात अडकली, त्यामुळे सभात्यागाला बराच वेळ लागला.

मुख्याधिकारी साहेबांनी वरून मार्गदर्शन मागवलं. ‘स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा’ असं मार्गदर्शन आलं. तोवर साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनीही मार्गदर्शन मागवलं, त्यांचीही बदली झाली. निर्णय होईपर्यंत गाडी शहराच्या हद्दीबाहेर न्यायची नाही, असा आदेश गोविंदशेठनी सहीनिशी काढून ठेवला. शहरात तिचं काम क्वचितच पडायचं, इथलं स्मशान चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे वैकुंठरथ आमच्या आवारात कडुलिंबाखाली उभा राहिला. एका कुत्रीनं त्याच्या खाली पिल्लं घातली. ती कुणाच्या हद्दीतली, हे सुदैवानं कुणी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात खेड्यातली एक म्हातारी दवाखान्यात वारली. तिच्या पोरांनी तिला उसाच्या ट्रॉलीतून नेलं. गंगाखेडला कारखान्यावर ऊस टाकून ट्रॉली रिकामी परतत होती म्हणून. आमच्या फाटकासमोरूनच गेली ती. पुढच्या बैठकीत मुंजाजीराव त्यावर असे बोलले की सभागृहाच्या काचा थरथरल्या. गोविंदशेठनी विचारलं, वाटा कधी देताय? मुंजाजीराव म्हणाले, गाडी कधी देताय? दोघंही माणुसकीवर बराच वेळ बोलले. म्हातारीचं नाव मात्र दोघांतल्या एकालाही माहीत नव्हतं. इतिवृत्तात लिहायला ते मला दवाखान्यात फोन करून विचारावं लागलं.

ही दोन माणसं सभागृहाबाहेर एकमेकांशी बोलत नसत. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बैठकीच्या दिवशी मुंजाजीराव जीपमधून उतरण्याआधी शिपायाला हाक मारून विचारायचे, "शेठ आलेत का?" आले नसतील तर जीप तशीच माघारी. शेठही तसलेच. सभापती येणार नाहीत असा निरोप आला की ते विषयपत्रिका मिटवून म्हणायचे, मग आज बसून काय करायचं?

मागच्या उन्हाळ्यात गोविंदशेठना दुकानातच झटका आला. दवाखान्यात नेलं, पण दुपारपर्यंत सगळं आटोपलं. पेडगावच्या वाटेवर त्यांचा मळा आहे. बायकोला तिथंच अग्नी दिलेला, मलाही तिच्याशेजारीच द्या, असं त्यांनी पोरांना सांगून ठेवलं होतं. थोरला लाकडं बघायला पुढं गेला, धाकटा पुण्याहून निघाला. मी आणि आमचा ड्रायव्हर सलीम गाडी घेऊन दवाखान्यात गेलो.

मळा शहराच्या हद्दीबाहेर. सलीमनं गाडी दारात लावली आणि हात जोडले. म्हणाला, नाक्यापर्यंत सोडतो, पुढं नेली तर माझी नोकरी जाईल, खुद्द शेठच्याच सहीचा आदेश आहे. मी मुख्याधिकारी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, असा अपवाद करता येईल का, याचं मार्गदर्शन मागवावं लागेल. शेठच्या घरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. कुणीतरी टेम्पोचं नाव काढलं.

मुंजाजीराव कधी आले ते मला कळलं नाही. भिंतीला टेकून उभे होते. टेम्पोचं नाव ऐकलं तसे पुढं आले, मागचं दार उघडून आत चढले आणि बाकड्यावर बसले.

"आना शेठला," ते म्हणाले. "सलीम, गाडी चालव. कुनी इचारलं तर सांग, खेड्यातल्या लोकायनी पळवून नेली. माजं नाव सांग."

सलीमनं माझ्याकडं पाहिलं. मी पुढच्या सीटवर चढले.

मागं फक्त ते दोघंच होते. बाकीचे आपापल्या गाड्यांनी येत होते. पुढच्या आणि मागच्या भागात एक जाळीची खिडकी आहे. नाका ओलांडला तसा मागून आवाज यायला लागला. मला वाटलं, मुंजाजीराव रडताहेत. सलीमनं गाडी हळू केली, तेव्हा शब्द कळायला लागले.

"हे बगा शेठ, डिझेल आमी देतो. पन डायवर तुमचा. आता टायरचं बोला."

मग थोडा वेळ काहीच नाही. शेठना उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच.

"न्हाई न्हाई, ते चालायचं न्हाई. निम्मं म्हंजे निम्मं. कामून पलटी मारायलाव आता?"

 सलीम माझ्याकडं न बघता समोर रस्ता बघत होता. मळ्याचा कच्चा रस्ता लागला, गाडी हेलकावायला लागली, तसा मागचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. बाजूच्या उघड्या काचेतून वारा येत होता आणि मुंजाजीरावांनी शेठच्या अंगावरच्या कापडाचं टोक उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

पुढची बैठक उपाध्यक्षांनी घेतली. तरुण आहेत, त्यांचं बहुतेक लक्ष मोबाईलमध्ये असतं. वैकुंठरथाचा विषय मी वाचला. सभापतींची काही हरकत? मुंजाजीराव मान खाली घालून म्हणाले, न्हाई. निम्मा खर्च मान्य, गाडी तालुकाभर फिरणार. इतकी वर्षं अडकलेला ठराव माझं पेन उघडेपर्यंत पास झाला. उपाध्यक्ष म्हणाले, ग्रेट, आणि उठले.

सगळे गेले तरी मुंजाजीराव बसूनच होते. शिपाई कप गोळा करत होता. त्यांनी मला विचारलं, "ताई, शेठचा चहा येगळा कामून यायचा?"

मी सांगितलं की शेठना डायबेटिस होता, त्यांच्या कपात साखर नसायची.

मुंजाजीरावांनी खांद्यावरची दस्ती काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मला वाटायचं, ऊस आमच्याकडं पिकतो म्हनून आमच्या साखरेला नावं ठेवायलेत. समोर बसून इचारलं न्हाई कधी."

मग त्यांनी शिपायाला बिनसाखरेचा एक चहा सांगितला. तो येईपर्यंत समोर बघत बसले. आल्यावर दोन्ही हातांत कप धरून सावकाश प्यायले.

"लय कडू हाय," म्हणाले, आणि सगळा संपवला.