सलिलच्या धावण्याचा रस्ता

धावायचा रस्ता कसा निवडावा हे मला विचारावं. डॉक्टरांनी आमच्या सलिलला पोट कमी करायला सांगितलं, तेव्हा रस्ता मीच आखून दिला. सदाशिव पेठेतून टिळक रोड, तिथून स्वारगेटच्या अलीकडे वळून सारसबाग, आणि मागच्या गल्लीतून परत. फार लांब नाही, चढ नाही. बागेमागची थोडी माती सोडली तर सगळी फरशी नि सिमेंट.

"मागच्या गल्लीतून का? उगाच वळसा पडतो," सलिल म्हणाला.

"सावली असते."

सावली कसली, त्या गल्लीत श्रीधरपंतांचं घर होतं. त्यांची मुलगी दीपमाला सलिलला मनापासून आवडलेली. दोघंही संगणकवाली. बोलणी सुपारीपर्यंत आली आणि महिनाभर तिकडून आवाजच बंद. दिवस मंदीचे, आयटीतली पोरं सुकल्या पानांसारखी गळत होती. म्हटलं, आपल्या पोराच्या नोकरीबद्दल यांना शंका आली असणार.

म्हणून मी सलिलच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलं.

"आई, धावताना कार्ड कोण घालतं?"

"ज्याला नोकरी असते तो."

श्रीधरपंत कुंड्यांना पाणी घालायच्या वेळेला आमचा मुलगा रोज कार्ड हलवत त्यांच्या दारावरून जायला लागला. वरच्या मजल्यावरच्या श्यामलाबाईंनी विचारलंच, "सलिल टपाल वाटतो का हो हल्ली?" मी लक्ष दिलं नाही. त्यांच्या मुलाला कार्डच नाही.

आठवड्याभरानं कार्ड पडलं. पडलंय हे सलिलला खराडीला ऑफिसशी पोचल्यावर कळलं. फाटकावरचा पहारेकरी त्या दिवसांत सख्ख्या भावालाही कार्डाशिवाय आत सोडत नव्हता. सलिल अकराच्या सुमारास रिक्षातून घरी परत. श्यामलाबाई गॅलरीत होत्याच. मंदीत आयटीतला मुलगा भर सकाळी घरी आला, म्हणजे काय झालं, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

सलिल घरात कार्ड शोधत असतानाच श्रीधरपंत जिना चढले. जिन्यात श्यामलाबाईंनी त्यांना गाठून सगळं सांगितलं, मला दारातून ऐकू आलं. आता हे लग्न मोडणार म्हणून मी पदर खोचला. पण गृहस्थ हसतच आत आले. कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "आमच्या फाटकाशी पडलं होतं. ताई, झालं ते एका परीनं बरंच झालं."

"काय बरं झालं?" मी म्हटलं. "मोडायचं तर चांगल्या तोंडानं मोडा. दात कशाला दाखवताय?"

"मोडायला नाही हो आलो. आमच्या दीपमालाची नोकरी महिन्यापूर्वीच गेली. सांगायची हिंमत होईना. त्यात तुम्ही मुलाला रोज कार्ड घालून आमच्या दारावरून पळवायला लागलात. आम्हाला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि टोमणे मारताय. दीपमाला तर गॅलरीत यायची थांबली."

मी खोचलेला पदर सोडला. माझ्या बाबतीत हे फारसं होत नाही.

"आता सलिलरावही घरीच," ते आरामात टेकून बसले. "दोघं बरोबरीला आली. सुपारी फोडू."

तेवढ्यात सलिल आतून आला. "काका, कार्ड मिळालं? बरं झालं. दुपारची मीटिंग तरी गाठतो."

श्रीधरपंतांचं हसू बशीतल्या चहासारखं निवलं.

"म्हणजे नोकरी आहे?"

"आहे," सलिल म्हणाला.

ते उठले, चपला शोधायला लागले. "मग कसं जमायचं? उद्या तुम्ही म्हणाल, आमचा कमावता आणि तुमची घरी बसलेली."

सलिलनं माझ्याकडे पाहिलं. असं तो लहानपणी ताप आल्यावर पाहायचा.

चार बायकांत मी ज्या नोकरीचा झेंडा मिरवला, तिच्यासाठी मला हात जोडावे लागले.

"बसा हो श्रीधरपंत," मी म्हटलं. "दीपमालाला मिळेल दुसरी, नाही मिळाली तरी आमचं काही अडत नाही. आमच्या मुलाला नोकरी आहे, तेवढं मात्र तुम्ही चालवून घ्या."