बकुळीचं सोवळं

राजाभाऊंना बँकेत बढती मिळाली आणि रत्नागिरीहून बदली झाली थेट अहमदाबादला. मालिनीबाई एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बकुळी येणार."

बकुळी म्हणजे त्यांची मांजर. त्यांच्याच मांडीवर डोळे उघडलेली.

"अगं, मांजरी घर सोडून राहत नाहीत," राजाभाऊ म्हणाले.

"मी राहिलेच ना, माहेर सोडून?"

राजाभाऊ उठून पेटी शोधायला गेले. (एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांना वेळेवर उत्तर सुचल्याचं मालिनीबाईंना आठवत नव्हतं.) त्यांनी आंब्याची एक रिकामी लाकडी पेटी आणली, आत पेंढा घातला, पेंढ्यावर बकुळी ठेवली आणि वरून फळ्या ठोकल्या. एस.टी.त बकुळी शहाण्यासारखी झोपली. मुंबईहून पुढच्या गाडीत मात्र टी.सी. आला.

"यात काय?"

"आंबे," राजाभाऊ म्हणाले. (खोटं बोलायची सवय नसली की माणूस उगाच पुढंही बोलतो.) "रत्नागिरीचे. अजून कच्चे आहेत."

तेवढ्यात पेटीनं लांबलचक म्याऊ केलं.

"पिकायला लागले वाटतं," टी.सी. म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे गेला. भला माणूस.

अहमदाबादचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. खोल्या लख्ख, फरशी गुळगुळीत, पण मागचं दार नव्हतं. मालिनीबाईंनी पहिल्या दिवशी ते तीनदा शोधलं. रत्नागिरीला मागचं दार उघडलं की पायरी, पायरीपुढे रातांब्याचं झाड, मग जांभ्या दगडाचा गडगा आणि गडग्यापलीकडे त्यांचे माड राखणाऱ्या तुळसाचं घर. राजाभाऊंना तिनं लहानपणी कडेवर खेळवलेलं. दर रविवारी ते "माडांचं काय ते तुळसाला विचारून येतो" म्हणून गडगा ओलांडत, तासाभरानं परतत आणि जेमतेम दोन घास दहीभात खात. काळजी फार करायचे माडांची. तुळसाच्या चुलीवर दुपारी मासळी रटरटायला लागली, की मालिनीबाई ते मागचं दार लोटून घेत. बस, तेवढाच काय तो दुरावा. बाकी लोणच्याची बरणी इकडून तिकडे, फणसाचे गरे तिकडून इकडे.

सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई पहिल्याच संध्याकाळी आले. त्यांची सासुरवाडी बडोद्याची, त्यामुळे मराठी छान बोलत.

"बेन, आपल्या इमारतीत अंडंसुद्धा चढत नाही. मांजर कशी चालेल?"

"आमची बकुळी सोवळ्यातली आहे," मालिनीबाई अगदी मनापासून म्हणाल्या. "दूधभात, दहीभात. आमच्या घरात जन्म गेला तिचा."

जयंतीभाईंनी बकुळीकडे आदरानं पाहिलं. "पंधरा दिवस बघू. मग कमिटी ठरवेल."

शाकाहारी मांजर म्हणून बकुळीचं नाव झालं. चारही मजल्यांवरच्या बायका दर्शनाला येऊन गेल्या. पण खुद्द बकुळी काही खाईना. दूध नुसतं चाटायची. दुपारचे बारा वाजले की गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि खाली बघून रडायची. आठ दिवसांत तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मालिनीबाईंना तिच्याकडे बघवेना. त्या घरातलं रत्नागिरीचं असं जिवंत तेवढंच तर होतं. त्यांचाही घास अडायला लागला.

"बारा वाजता ती तुळसाकडे जायची," त्या म्हणाल्या. "तुळसालाच पत्र घालते. तिच्याकडे काय खायची, विचारते."

"तुळसाला कशाला?" राजाभाऊ दचकले. "ती बिचारी काय सांगणार? काही लिहू नकोस."

मालिनीबाईंनी लिहिलं.

पंधराव्या दिवशी, कमिटीच्या मीटिंगला दोन तास उरले असताना, त्या भाजी घेऊन आल्या. राजाभाऊ दारातच उभे होते, चेहऱ्यावर मोठा पराक्रम गाजवल्याचा भाव.

"तुळसाचा हरिश्चंद्र आंब्याचा ट्रक घेऊन आला होता. खाली पेटी ठेवून गेला, थांबायला वेळ नव्हता त्याला. मी ती उघडलीच नाही. तशीच जयंतीभाईंना भेट दिली. आता बघ बकुळीचं काम कसं होतं ते."

"बकुळी कुठाय?"

बकुळी घरात नव्हती. ती खाली पहिल्या मजल्यावर, जयंतीभाईंच्या बंद दारावर नखं घासत होती. अंगात कुठून एवढं बळ आलं देवाला ठाऊक. मालिनीबाई धावत खाली गेल्या, मागोमाग राजाभाऊ. त्यांनी दार वाजवलं. दार उघडताच बकुळी आत घुसली आणि नुकत्याच उघडलेल्या पेटीत तिनं सूर मारला.

पेंढ्याचा वास खोलीभर पसरला. क्षणभर मालिनीबाई आपल्याच माजघरात उभ्या होत्या.

"हंसा, बघ," जयंतीभाई बायकोला कौतुकानं म्हणाले. "मांजर आंबे खाते."

पण बकुळीनं आंबे बाजूला सारले. तळातून वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं दातात धरून ओढलं. कागद फाटला. मग जो वास सुटला, त्यानं जयंतीभाई दोन पावलं मागे सरकले आणि मालिनीबाईंना गडगा, चूल, लोटलेलं दार, सगळं एकदम दिसलं.

सुके बांगडे होते ते.

बकुळी डोळे मिटून खात होती, पंधरा दिवसांची भूक एकदम भागवावी, इतक्या जोमानं. मालिनीबाईंचे डोळे भरून आले. सोसायटी, कमिटी, सगळं विसरून त्या खाली बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"चिठ्ठी पण आहे," हंसाबेन नाकाला पदर लावून म्हणाल्या. माहेर बडोद्याचं, मराठी वाचता येत होतं. राजाभाऊ "मी वाचतो, मी वाचतो" म्हणत पुढे झाले, तोवर त्यांनी मोठ्यानं सुरुवातही केली होती.

"मालिनीवयनी, बकुळीला बांगडे धाडलेत. भाजून द्या. अर्धे भाऊंचे. आयतवारी दोघं माझ्या पडवीत बरोबर जेवायची, एकटीला घास नाय जाणार. भाऊंना काटं काढून लागतात. तुळसा."

राजाभाऊ पेंढ्याकडे बघत होते.

"एकोणीस वर्षं," मालिनीबाई हळूच म्हणाल्या. "आणि माडांचं काय विचारायचात?"

"ते पण विचारायचो," राजाभाऊ म्हणाले.

जयंतीभाईंनी एकदा बकुळीकडे पाहिलं, एकदा राजाभाऊंकडे.

"बेन," ते म्हणाले, "मांजर मुकं जनावर आहे. खाली अंगणात खाऊ दे, कमिटीला मी समजावतो. ती राहील." मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "भाऊंचा विषय मात्र मीटिंगमध्ये घ्यावा लागेल."