अफ्रेड ऑफ द टाकी

१९६६ च्या मार्चमध्ये बोईसरजवळच्या एका मजूरवस्तीत पाण्याच्या टाकीचा खांब तडकला. खांब तडकणे ही बाब किरकोळ होती. ती इंग्रजीत कळवायची होती, ही गंभीर होती.

वस्ती बांधणाऱ्या कंत्राटी कंपनीने त्याच महिन्यात फर्मान काढले होते की, यापुढे अर्ज इंग्रजीत हवा आणि तो शुद्ध हवा. शुद्धता तपासायला माहीमच्या दिनानाथ चुरीची नेमणूक झाली. दिनानाथ जुना मॅट्रिक. कुठल्या विशेषणापुढे ‘ऑफ’ येते आणि कुठल्यापुढे ‘विथ’, हे त्याला तोंडपाठ होते. पण सोळा वर्षांच्या नोकरीत ते त्याला कोणी विचारले नव्हते. आता त्याला स्वतंत्र टेबल मिळाले, लाल पेन्सिल मिळाली आणि लोक त्याला साहेब म्हणू लागले.

टाकीखालच्या झोपडीत परभणीकडचा गवंडी पुंजाराम बायकोमुलांसह राहत होता. त्याने बाजारातल्या एका टंकलेखकाकडून अर्ज करून आणला. त्यात तो टाकीला ‘अफ्रेड फ्रॉम’ होता. दिनानाथने फ्रॉमभोवती लाल वर्तुळ काढून अर्ज परत केला. आठवड्याने पुंजाराम टाकीला रीतसर ‘अफ्रेड ऑफ’ झाला, पण मुकादमावर ‘अँग्री ऑन’ निघाला. माणसावर रागवायचे तर ‘विथ’ लागते, हे दिनानाथने त्याला न चिडता समजावून सांगितले. तिसऱ्या अर्जात तो तक्रारी करून ‘टायर्ड फ्रॉम’ होता. माणूस कामाने दमला तर फ्रॉम चालते, कंटाळला तर ऑफच हवे. पुंजाराम दमलाय की कंटाळलाय, याचा लेखी खुलासा मागवण्यात आला.

एव्हाना भेगेत हाताचा पंजा जात होता.

मग पुंजारामची बायको नर्मदा स्वतः कचेरीत आली. खुर्ची दाखवली तरी ती बसली नाही. म्हणाली, “सायेब, भ्या वाटतंय एवढं खरं हाय. त्याच्याफुडं काय लावायचं ते तुमीच लावा.”

दिनानाथ ओशाळला. तपासनिसाने अर्ज लिहिणे नियमात बसत नव्हते, तरी त्या दुपारी त्याने पुंजारामच्या नावाने स्वतः अर्ज लिहून दिला. त्यातले एक वाक्य त्याला फार आवडले: ‘आय अ‍ॅम फुली अवेअर ऑफ द डेंजर.’ नर्मदेने नवऱ्याच्या वतीने अंगठा उठवला होता, तोही त्याला शुद्ध वाटला.

मोठे साहेब अर्जावर खूष झाले. त्यांनी त्याच्या बारा प्रती काढवल्या आणि नमुना म्हणून सगळ्या विभागांना धाडल्या. बाराही विभागांनी तो वाचला. टाकीकडे कोणी गेले नाही.

चौथ्या दिवशी टाकी कोसळली. नर्मदेने मुलांना सकाळीच चिंचेखाली नेऊन बसवले होते. पुंजाराम भांडी काढायला आत गेला होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशी झाली आणि अहवाल सहीपूर्वी भाषा तपासायला दिनानाथच्या टेबलावर आला. जखमी इसम धोक्याबाबत ‘फुली अवेअर ऑफ’ होता, हे त्याच्याच अर्जावरून सिद्ध होते. सबब अपघातास तोच ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ आहे, असा निष्कर्ष होता.  लाल पेन्सिल घेऊन दिनानाथने अहवाल तीनदा वाचला. कुठेतरी एक चूक निघावी आणि हा कागद परत धाडता यावा, असे त्याला मनापासून वाटले. पण प्रत्येक विशेषणापुढे जे हवे तेच होते. त्याने ‘तपासले, शुद्ध’ असे लिहून सही केली.

पुढच्या साली कंपनीने कारकुनांची परीक्षा घेतली. पेपर दिनानाथनेच काढला. पहिला प्रश्न होता: गाळलेली जागा भरा – ‘पुंजाराम वॉज अवेअर … द डेंजर.’ सत्तर उमेदवारांनी ती बरोबर भरली. पुंजारामचे पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नाही. तुम्हीही आत्ता मनातल्या मनात आधी जागाच भरलीत.