जावयाची गाडी डावीकडे का जाते?

बन्सीलाल मास्टरांना कुणी फसवू शकत नाही, हे खुद्द बन्सीलाल मास्टरांनीच सुरतेतल्या अख्ख्या उधन्याला सांगून ठेवलं होतं. सारा जन्म लूमच्या खात्यात गेलेला माणूस! नुसत्या आवाजावरून कोणत्या मशीनवर धागा तुटला ते सांगायचे. मग होणारा जावई कसा आहे हे ओळखायला असा कितीसा वेळ लागणार?

होणारा जावई, म्हणजे लखन, शनिवारी दुपारी आईला घेऊन नंदुरबारहून आला. रविवारी सुपारी फुटायची होती. एकदा सुपारी फुटली की लेकीचं, हर्षदाचं लग्न पक्कं! मास्टर गॅलरीत वाट बघत उभे होते. लखनची जुनी पांढरी गाडी गल्लीत शिरली, डावीकडे सरकली, सरळ झाली, पुन्हा डावीकडे सरकली आणि गटाराच्या काठावर कशीबशी थांबली. मास्टरांनी ते मनात टिपून ठेवलं.

"कोणत्या रस्त्याने आलात?" पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"नवापूरवरून, मामा. तिथे चहाला थांबलो होतो."

नवापूर! इकडे गुजरातेत दारूबंदी, आणि हद्दीच्या पलीकडचं पहिलं गाव नवापूर. तिथे कोण चहाला थांबतं? मास्टरांनी लखनला कडकडून मिठी मारली आणि छाती भरून श्वास घेतला. वेलचीचा वास आला! म्हणजे पठ्ठ्या तोंडाच्या वासाचा बंदोबस्त करून आला होता!

ते तडक स्वयंपाकघरात गेले. "पोऱ्या दारू पेस!" त्यांनी बायकोच्या कानात सांगितलं.

"काहीबी!" मालतीबाई फोडणी घालता घालता म्हणाल्या. "गाडी डावीकडे ओढस, आसं सांगी राह्यना तो."

"गाडी काय बैल शे का, एक बाजूले ओढाले?"

मास्टरांनी तपास हाती घेतला. फरशी वाकडी बसलीय का बघायचं निमित्त काढून त्यांनी लखनला फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं. तो दोरी धरल्यासारखा सरळ चालला. मास्टर आणखीच घाबरले. इतकं पिऊन इतका सरळ चालतो, म्हणजे सवय किती मुरलेली असेल!

संध्याकाळी ते लखनच्या शेजारी बसून पलसाण्याच्या दिशेने चक्कर मारून आले. गाडी मिनिटामिनिटाला डावीकडे जात होती आणि मास्टर दाराची कडी घट्ट धरून बसले होते. शेवटी लखनने गाडी बाजूला घेतली.

"मामा, हवा दोन्हीकडे सारखी आहे. पुढची चाकं इकडची तिकडे करूनही बघितली, तरी डावीकडेच जाते." तो खाली उतरला, वाकला आणि चाकांजवळ हात नेऊन बघू लागला. "उजवं गार आहे. डावं बघा, नुसता तवा! डावा ब्रेक धरून राहतोय."

मास्टरांनी चाक बघितलंच नाही, त्यांनी लखनचे डोळे बघितले. ते लाल होते. हायवेची धूळ गेली होती म्हणे!

रात्रभर मास्टर कूस बदलत राहिले. एकुलती एक पोरगी, तिला बेवड्याच्या घरी द्यायची? पण पुराव्याशिवाय तोंड उघडलं तर चांगलं स्थळ हातचं जायचं. पहाटे त्यांना युक्ती सुचली. गाडी आपणच चालवून बघायची! सरळ गेली तर खोट पोराची, डावीकडे गेली तर गाडीची. मग निजायला हरकत नव्हती, आणि ते चांगले नऊ वाजेपर्यंत घोरले.

पाहुणे जमले. तबकात सुपारी, नारळ, पेढे मांडून झाले. "आलोच, गाडीचा एक फेरा मारून!" म्हणत मास्टरांनी किल्ली उचलली. सगळे कौतुकाने गॅलरीत आले.

स्टिअरिंग धरलं मात्र आणि मास्टरांना डाव्या हाताचं उघडं गटार दिसलं. समजा, पोरगा खरं बोलत असला तर? अत्तर शिंपडलेले नवे कपडे अंगावर, वर विहीणबाई बघतायत! हुशार माणूस आधीच काळजी घेतो. मास्टरांनी स्टिअरिंग उजवीकडे घट्ट दाबून धरलं आणि गाडी सोडली.

गाडी सुसाट उजवीकडे गेली! शेजारच्या शोभाबाईंनी खाटेवर उडदाचे पापड वाळत घातले होते. खाट आडवी झाली, पापड टपावर आले आणि शोभाबाई किंचाळत रस्त्यावर!

"गाडी ओढते!" मास्टर आतूनच ओरडले.

"उजवीकडे?" लखनची आई इंदुबाई वरून म्हणाल्या.

लखन धावत आला. "मामा, ती डावीकडे ओढायची. आणि सकाळीच गॅरेजमध्ये नेऊन ब्रेक मोकळा करून आणला. तुम्ही झोपला होतात." त्याने टपावरचे पापड उतरवले, गाडीत बसला आणि एका बोटाने स्टिअरिंग धरून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. गाडी कशी सुतासारखी सरळ!

इंदुबाई खाली उतरल्या, मास्टरांच्या जवळ आल्या आणि नाकाला पदर लावला.

"भाऊ, सकाळी सकाळीच?" त्या हळूच म्हणाल्या. "एवढं अत्तर मारलंय, तेव्हाच मला शंका आली."

खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचा मुलगा बेवडा आहे की नाही ते बघत होतो? मास्टरांनी वर पाहिलं. हर्षदा गॅलरीत उभी होती, डोळ्यांत पाणी आणून. ते पाणी बघून त्या बिचाऱ्या बापाचा जीव तुटला.

"मुलीत काही खोट नाही," इंदुबाई म्हणाल्या. "पण देव्हाऱ्यातल्या कानबाईच्या नारळावर हात ठेवा आणि सोडली म्हणा. तरच सुपारी फुटेल."

जन्मात थेंब न चाखलेल्या बन्सीलाल मास्टरांनी सगळ्यांच्या देखत नारळावर हात ठेवून दारू सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मामा, सुरुवातीला त्रास होतो," लखन पाया पडून प्रेमाने म्हणाला. "मी आहे तुमच्यासोबत." सुपारी फुटली, पेढे वाटले गेले, हर्षदा हसली.

पाहुणे गेल्यावर मास्टर हुश्श करून बायकोशेजारी टेकले. घरात एक तरी माणूस खरं जाणतं!

मालतीबाई त्यांच्याकडे वळल्या.

"तरीच म्हनू," त्या म्हणाल्या, "दुसराना तोंडना वास तुमले इतला बरोबर कसा समजस! आते खरं सांगा, कितला दिनपाईन चालू शे हाई?"