वीस किलोची बॅग

मी आणि माझ्या बायकोनं सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे पोराची बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर तोलणं.

तिला गाव अक्का म्हणायचं. दुसऱ्याची बांधलेली बॅग सोडायची तिला खोड. धुळ्याला दवाखान्यात निघालेल्या माणसालाही ती फाट्यावर गाठायची. पिशवी रस्त्यातच उपसायची, सुई-दोरा, हळद, जुनं धोतर कोंबायची आणि अशी बांधायची की आधीपेक्षा लहान दिसावी. कोणी कुरकुरलं की सगळंच लागतं म्हणून तिचा एकच बोल, "लागस ना बठ्ठं!" एकदा तर नव्या नवरीची पेटी मांडवातच उघडली. व्याही चिडले. अक्का म्हणे, "चिडा. पण पोरनी चप्पल ऱ्हाई गयी व्हती."

आमचा भास्कर वेल्डर. त्याला मस्कतला नोकरी लागली. विमानात वीस किलोच चालतं. अक्काचा अंदाज कधी पावशेरानं चुकला नव्हता, पण भास्करची बॅग एकतीस भरली. तिनं कुरडया काढल्या आणि घरी जाऊन पापड घातले. दुसऱ्या दिवशी तीस. मग तिनं पोराचे शर्ट काढले.

"माय, उघडा फिरू का तठे?"

"कपडा तठे बी भेटस. बिबडा भेटस का?"

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. शर्टांच्या जागी त्यांचा सहा किलोचा डबा बसला.

तिसऱ्या दिवशी चौतीस. दुकानदार हसला. मला राग आला. वाटेत म्हटलं, "तुले धाडनंच नही त्याले. सरळ सांग ना."

तिनं घरी येऊन बॅग पालथी केली. शर्ट, चादर, हत्यारं, मसाल्याची एक पुडी, एवढंच परत भरलं. तोलायलाही नेली नाही.

"जाऊ द्या त्याले," म्हणाली. "आठे काय शे?"

खरंच होतं, इथं काहीच नव्हतं. पोरगा दोन वर्षं घरी बसून होता.

भास्कर गेला. पाच दिवसांनी दुपारी अक्का चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडली. डॉक्टर यायच्या आत गेली. दिवस मावळायच्या आधी पुतण्यानं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं धुळ्याला तारेच्या ऑफिसात गेलो. बाबूनं कागद ओढला.

"आई वारली, लगेच ये. असंच ना आबा?"

"नाही. येऊ नको, असं लिहा."

तो बघतच राहिला. "पोटचा पोरगा ना?"

"वर्षाच्या आत परतला तर नोकरी जाते."

"तरी पण, आबा..."

"मायनं धाडलंय त्याला," मी म्हटलं. "लिहा."