मिशीआडचं श्रुतलेखन

उद्घोषकाने मुलीला श्रुतलेखन घालायला घेतलं. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण एवढ्यातेवढ्यावरून माघार घेणारा तो बाप नव्हता. अख्खं बसस्थानक त्याच्या आवाजावर हलायचं. मग घरची सात वर्षांची पोर काय हलणार नाही?

"बाबा आले!" तो गरजला.

मुलीने त्याच्या झुपकेदार मिशीकडे निरखून पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, 'मामा आले.'

"मामा नाही गं, बाबा! बाऽबाऽ!"

तिने पुसून लिहिलं, 'पापा आले.' शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"अहो, पुरे," बायको म्हणाली. "तिला सोडून सगळ्या गल्लीला पाठ झालं."

दुसऱ्या दिवशी स्वारी तणतणत शाळेत. "बाई, माझी पोर मला मामा करते! तुम्ही शिकवता तरी काय?"

"प, ब, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात," बाई म्हणाल्या. "त्यात तुमचे ओठ मिशीच्या आड. थोडी खुणांची भाषा शिका की. तिने तुमच्यासाठी खास खूण केलीय, निदान ती तरी..."

"हातवारे? आणि मी? त्यापेक्षा मिशी उतरवीन!"

"उतरवा," बाई शांतपणे म्हणाल्या. "शुक्रवारी पालकांसमोर ती फळ्यावर तुमच्याविषयी लिहिणार आहे."

शब्द तोंडातून निसटला होता. शुक्रवारी तो न्हाव्याकडून थेट शाळेत आला आणि उघडाबोडका ओठ घेऊन पहिल्या रांगेत बसला. पोरीने सगळ्यांदेखत 'बाबा' लिहावं, एवढंच त्याला हवं होतं.

मुलीने फळ्यापासून सगळ्या रांगा धुंडाळल्या. समोरच कुणी गुळगुळीत गृहस्थ तोंडाने 'बाबा, बाबा' करत होता. असतात काही लोक, अशा नजरेने तिने त्याला ओलांडलं. बाईंकडे वळून नाकाखाली बोट फिरवलं, हवेतच ऐटीत पीळ दिला आणि 'नाही' अशी मान हलवली. सगळे पालक खो खो हसले. मग तिने फळ्यावर लिहिलं, 'बाबा आले नाहीत.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. हाक मारायला बाप ताडकन उठला, तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता मिटलं. मग त्याने नाकाखाली, जिथे आता काहीच नव्हतं, तिथे अवघडून बोट फिरवलं आणि हवेला पीळ दिला.

मुलगी बघतच राहिली. मग तिने 'नाहीत' पुसलं आणि खदखदून हसत वाक्य दुरुस्त केलं:

'बाबा आले. मिशी आली नाही.'